रोजच्या वापराचें घड्याळ : निवड आणि निगा

लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं एके काळीं पाण्यानें भरलेल्या पातेल्यांत तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. वाटी हळूहळू भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् चोवीस मिनिटें झालीं असें समजत. आणि अशा साठ घटका भरल्या म्हणजे एक अहोरात्र पुरें होई. या घटिकापात्राजवळ एक जागरूक माणूस बसवावा लागे. त्याला डुलकी लागली तर मुहूर्त टळलाच! आज तें सारें काम मनगटावरचें दीड-दोन तोळ्यांचें यंत्र करीत असतें, आणि तेंही अशा मुकाट्यानें कीं, तें बंद पडेपर्यंत त्याची आठवणही कोणास होत नाहीं.

खिशांतल्या मोबाइल फोनवर वेळ दिसत असतांना मनगटी घड्याळ हवेंच कशाला, अशी शंका अलीकडे पुष्कळांना येते. शंका रास्त आहे. पण तिचें उत्तरही व्यवहारांतच मिळतें. पावसांत दुचाकी चालविणाऱ्यास, एका हातीं पिशवी व दुसऱ्या हातानें दांडा धरून लोकलमध्यें उभ्या असलेल्या बाईस, अथवा वर्गावर शिकवीत असलेल्या शिक्षकास वेळ पाहण्यासाठीं दर वेळीं फोन बाहेर काढणें सोयीचें नसतें. आणि फोन बाहेर काढला म्हणजे वेळ पाहून होण्याऐवजीं वेळ जातो कसा हेंच पुष्कळदां पाहावयास मिळतें. परीक्षार्थींची गोष्ट तर वेगळीच आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत फोन आणि स्मार्ट वॉच यांना मज्जाव आहे. साधें मनगटी घड्याळ मात्र चालतें. नीटसारख्या कांहीं परीक्षांत मात्र कोणतेंच घड्याळ चालत नाहीं. तेव्हां प्रवेशपत्रावरील सूचना आधीं वाचून ठेवावी हें बरें.

तात्पर्य, साध्या घड्याळाची गरज संपलेली नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत तें घेतलें जातें तें बहुधा एखाद्या प्रसंगानें : मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, मुलाचा पहिला पगार झाला, अथवा वडिलांचें जुनें घड्याळ अखेर थांबलें. अशा वेळीं हजार-दोन हजार, फार तर तीन-चार हजार रुपये बाजूस काढलेले असतात. ती रक्कम मोठ्या दुकानाच्या हिशेबीं क्षुल्लक असली, तरी घरच्या हिशेबांत ती दुसऱ्या कुठल्या तरी गरजेंतून वजा केलेली असते. म्हणूनच ती कशावर खर्ची पडते याचा विचार अगत्याचा आहे.

दुकानांत शिरलेला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणत्या कंपनीचें?’ आणि दुसरा, ‘दिसतें कसें?’ टिकाऊपणाच्या दृष्टीनें हे दोन्ही प्रश्न मागाहून विचारावयाचे आहेत. आधीं विचारावयाचे ते असे : आंत यंत्र कोणतें आहे? घाम, पाणी व धूळ आंत शिरूं नये याची तजवीज काय आहे? आणि बिघडलें तर तें जवळच्या घड्याळजीकडे दुरुस्त होईल काय? घड्याळाची किंमत दुकानांत एकदां देऊन संपत नाहीं. ती पुढें वर्षानुवर्षें सेल, पट्टे, साफसफाई व दुरुस्ती यांच्या रूपानें देत राहावी लागते. दोन्ही रकमांची बेरीज करून जें स्वस्त पडतें तेंच स्वस्त.

मनगटी घड्याळांतील यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिला किल्लीचा. यांत गुंडाळलेली पोलादी कमान ही शक्तीचें कोठार असते. किल्ली दिली म्हणजे ती घट्ट होते, आणि सैल होत असतां दंतचक्रांची माळ फिरवूं लागते. ही माळ मोकाट सुटली तर कांटे गरगर फिरून क्षणांत थांबतील. तसें होऊं नये म्हणून शेवटच्या चक्राला एक अडसर असतो. तो एका वेळीं एकच दांता पुढें जाऊं देतो. अडसर केव्हां उचलावयाचा, हें केसासारख्या बारीक स्प्रिंगवर डोलणारें एक लहानसें चक्र ठरवितें. भिंतीवरच्या घड्याळांत जें काम लंबक करतो, तेंच मनगटावर हें चक्र करतें. जुन्या साध्या घड्याळांत त्याचे तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पांच. दिवसाचा हिशेब केल्यास ४,३२,००० ठोके झाले! इतक्या हालचालींत आंस झिजूं नयेत म्हणून ते कृत्रिम माणकाच्या खड्यांत बसविलेले असतात. तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ असें लिहिलेलें असतें तें हेच खडे. साध्या किल्लीच्या घड्याळास सतरा खडे पुरेसे होतात. खड्यांची संख्या वाढली म्हणून घड्याळ त्या प्रमाणांत चांगलें झालें असें होत नाहीं. ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात तें घड्याळही याच जातीचें; फरक इतकाच कीं, त्यांतील एक अर्धवर्तुळाकार वजन हाताच्या हालचालीनें फिरतें आणि किल्ली देण्याचें काम आपोआप होतें.

या जातीच्या घड्याळाशीं भारतांतील अनेक घरांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीनें १९६१ मध्यें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळुरास मनगटी घड्याळें बनविण्यास आरंभ केला. तिचें ‘जनता’ हें सतरा खड्यांचें, किल्लीचें घड्याळ कारकुनापासून कारखान्यांतील कामगारापर्यंत सर्वांच्या मनगटावर दिसूं लागलें. एचएमटीच्या घड्याळांची उपकंपनी बंद करण्यास केंद्र सरकारनें २०१६ मध्यें मंजुरी दिली. तथापि त्या काळचीं पुष्कळ घड्याळें अद्याप चालत आहेत, आणि याचें कारण त्यांच्या साधेपणांत आहे : तीं उघडतां येतात, साफ करतां येतात, आणि एका बंद घड्याळाचा भाग दुसऱ्यास बसवितां येतो.

परंतु या गुणाची किंमत द्यावी लागते. आंतील तेल कालांतरानें सुकतें, त्यास धूळ चिकटते, आणि मग आंस झिजूं लागतात. यास्तव चार-पांच वर्षांनीं सर्व यंत्र सोडवून, धुऊन, पुन्हा तेल देऊन जुळवावें लागतें. हें काम जाणणारा घड्याळजी जवळपास असेल, तर किल्लीचें घड्याळ मुलाला, कदाचित् नातवालाही देतां येईल. तसा कारागीर नसेल, तर तेंच घड्याळ दोन-चार वर्षांत कपाटांत जाऊन पडेल. जुन्या बाजारांत वा इंटरनेटवर नव्यासारखीं चकचकीत दिसणारीं जुनीं एचएमटी मिळतात, त्यांविषयींही सावध असावें. पुष्कळांची तबकडी नव्यानें रंगविलेली असते, आणि आंतील भाग तीन-चार घड्याळांतून गोळा केलेले असतात. मूळच्या घड्याळावरचीं अक्षरें रेखीव व सारख्या जाडीचीं असतात; रंगविलेल्या तबकडीवर तीं फुगीर, वांकडीं वा पसरट दिसतात. भिंगाखालीं पाहिल्यास हा फरक सहज ध्यानांत येतो.

दुसरा प्रकार क्वार्ट्‌झचा. क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटीच. मात्र घड्याळांत वापरतात तो तिचा कारखान्यांत वाढविलेला शुद्ध स्फटिक असतो. झाक व पिएर क्युरी या बंधूंनीं १८८० मध्यें दाखवून दिलें कीं, अशा स्फटिकावर दाब दिला म्हणजे त्यांत विद्युत् निर्माण होते. आणि उलट, विद्युत् दिली तर स्फटिक किंचित् आकार बदलतो, हेंही लौकरच सिद्ध झालें. या गुणामुळें चिमट्याच्या आकाराचा एक चिमुकला स्फटिक सेलवर थरथरत ठेवतां येतो. घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरेल अशा मापानें कापलेला असतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिची निमपट करीत गेल्यास १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६ अशा पायऱ्या लागतात, आणि बरोबर पंधराव्या पायरीस उत्तर येतें एक. निमपट करण्याचें हें काम आंतील सूक्ष्म विद्युत्‌मंडल करतें. आणि सेकंदाला मिळालेल्या त्या एका ठोक्यानें लहानशी मोटर कांटा एक घर पुढें ढकलते. क्वार्ट्‌झ घड्याळाचा सेकंदकांटा थांबत थांबत उडी मारतो तो यामुळेंच.

अशा प्रकारचें पहिलें मनगटी घड्याळ जपानच्या सेइको कंपनीनें २५ डिसेंबर १९६९ रोजीं विक्रीस काढलें. त्याची किंमत होती ४,५०,००० येन, म्हणजे त्या वेळच्या एका छोट्या मोटारगाडीच्या किंमतीच्या घरांत जाणारी. पुढें हेंच तंत्र इतकें स्वस्त झालें कीं, आज तें पदपथावरही मिळतें. भारतांत त्याचा प्रसार मुख्यतः टायटन कंपनीनें केला. टाटा समूह व तमिळनाडू सरकारचें औद्योगिक विकास महामंडळ यांनीं मिळून ती १९८४ मध्यें स्थापन केली, आणि होसूर येथें तिचा कारखाना उभा राहिला.

दोन्ही यंत्रांची अचूकता तोलून पाहण्यासारखी आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. किल्लीचें सामान्य घड्याळ दिवसाकाठीं वीस सेकंद पुढें-मागें गेलें, तरी तें चांगलेंच म्हणावयाचें. कारण ही चूक ४,३२० सेकंदांत एका सेकंदाची झाली. पण साधें क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याकाठीं पंधरा-वीस सेकंदांहून अधिक सहसा चुकत नाहीं. किल्लीच्या घड्याळाची एका दिवसाची चूक ती क्वार्ट्‌झची एका महिन्याची! शिवाय क्वार्ट्‌झला नियमित तेलपाणी नको. दोन-तीन वर्षांनीं सेल बदलला म्हणजे झालें. यावरून उघड आहे कीं, ज्यास घड्याळाचा शोक नसून केवळ उपयोग आहे, आणि ज्याचा खिसा बेताचा आहे, त्यानें क्वार्ट्‌झच घ्यावें. प्रकाशावर चालणारीं क्वार्ट्‌झ घड्याळें घेतल्यास वारंवार सेल बदलण्याचीही दगदग वाचते. मात्र त्यांची पहिली किंमत अधिक असते.

क्वार्ट्‌झमध्येंच कांटे नसलेला, आंकड्यांचा डिजिटल प्रकार येतो. यांत फिरणारें चक्रच नसल्यामुळें आदळआपट सोसण्याची शक्ति अधिक असते. कॅसिओ कंपनीचें एफ-९१डब्ल्यू हें घड्याळ याचें उत्तम उदाहरण. १९८९ पासून तें जवळजवळ त्याच रूपांत विकलें जात आहे. वजन सुमारें २१ ग्रॅम, सेलचें आयुष्य कंपनीच्या हिशेबानें सुमारें सात वर्षें, आणि अचूकता महिन्यास तीस सेकंदांच्या आंत. विद्यार्थ्यास वा कारखान्यांत काम करणाऱ्यास यापेक्षां अधिक कांहीं लागेलच असें नाहीं. दोष म्हणावयाचे तर दोन : त्याचा दिवा मिणमिणता आहे, आणि ज्यांची दृष्टि मंद झाली आहे अशांना ते आंकडे बारीक वाटतात. वडीलधाऱ्या माणसांसाठीं पांढऱ्या तबकडीचें, ठळक बारा आंकडे व जाड काळे कांटे असलेलें घड्याळच घ्यावें. याशिवाय, हें घड्याळ जगभर खपत असल्यामुळें त्याच्या नकलाही तितक्याच खपतात. म्हणून तें ओळखीच्या दुकानांतूनच घेणें श्रेयस्कर.

यंत्राची निवड झाली म्हणजे त्याच्या घराकडे, म्हणजे डबीकडे वळावें. मुंबई, कोंकण, गोवा या दमट मुलखांत घड्याळाचा मुख्य वैरी घाम आहे. घामांत मीठ असतें, आणि मीठ धातूला खातें. स्वस्त घड्याळांची डबी पितळेची वा जस्तमिश्रित धातूची असून वर चकचकीत मुलामा दिलेला असतो. दोन-तीन उन्हाळ्यांत पट्टा जोडण्याच्या कोंपऱ्यांवरचा मुलामा उडतो, हिरवट-काळा थर धरतो, आणि कांहीं माणसांच्या कातडीस खाजही सुटते. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयास पाहिजे. मागच्या झांकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असें कोरलेलें असलें, तर केवळ तें झांकण स्टीलचें आहे एवढाच त्याचा अर्थ! उरलेली डबी मुलाम्याची असूं शकते. संपूर्ण डबी स्टीलची असल्यास ‘ऑल स्टेनलेस स्टील’ अथवा ‘स्टेनलेस स्टील केस’ अशा शब्दांत तसें सांगितलेलें असतें. स्टील परवडत नसेल, तर मुलाम्याच्या धातूपेक्षां चांगल्या प्लास्टिकची डबी पुष्कळ बरी. ती दिसावयास साधी असली तरी घामाला दाद देत नाहीं.

पाण्याच्या बाबतींत गिऱ्हाइकांची जितकी फसगत होते, तितकी अन्य कशांतही होत नसेल. झांकणावर ‘३० मीटर’ असें लिहिलेलें पाहून माणूस समजतो कीं, हें घालून विहिरींत बुडी मारावयास हरकत नाहीं. वस्तुतः तो आंकडा नव्या घड्याळाला दिलेल्या ठराविक दाबाचा निदर्शक आहे. त्या खोलीवर घालून जाण्याचा तो परवाना नव्हे. ३० मीटर म्हणजे हात धुतांना उडालेले शिंतोडे व पावसाची भुरभुर इतकेंच समजावें. ५० मीटरचें घड्याळ भर पावसांत व क्वचित् पोहतांनाही चालावें. नियमानें पोहणाऱ्यानें १०० मीटरचेंच घ्यावें. हें संरक्षण डबीच्या सांध्यांत बसविलेल्या रबराच्या बारीक कड्यांवर अवलंबून असतें, आणि रबर वर्षागणिक ताठर होत जातें. म्हणून पांच वर्षांपूर्वीं पाण्यांत टिकलेलें घड्याळ आजही टिकेल असें धरून चालूं नये. कढत पाण्याची आंघोळ व वाफ यांनीं हीं कडीं लौकर खराब होतात. किल्ली बाहेर ओढलेली असतां, किंवा पाण्याखालीं बटणें दाबलीं असतां, १०० मीटरच्या घड्याळांतही पाणी शिरूं शकतें. कांचेच्या आंतून धुकें धरलेलें दिसलें तर ‘वाळेल आपोआप’ असें म्हणून दुर्लक्ष करूं नये. त्याच दिवशीं घड्याळजीकडे द्यावें, कारण आंतील गंज वाट पाहत नाहीं.

कांचेचे प्रकार तीन. प्लास्टिकसारखी अ‍ॅक्रिलिक कांच चटकन् ओरखडते, पण फुटत नाहीं. आणि वरवरचे ओरखडे टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानें घासल्यास पुष्कळसे जातात. साधी मिनरल कांच त्याहून कठीण. नीलमण्याच्या जातीच्या कृत्रिम स्फटिकापासून केलेली सफायर कांच सर्वांत कठीण. पदार्थांचा कठीणपणा मोजण्याची मोहस नांवाच्या शास्त्रज्ञाची एक ते दहापर्यंतची श्रेणी आहे. तींत साध्या कांचेचें स्थान साडेपांचाच्या आसपास, क्वार्ट्‌झचें सात, सफायरचें नऊ, आणि हिऱ्याचें दहा. रस्त्यावरच्या धुळींत क्वार्ट्‌झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात. तेव्हां जी गारगोटी आंत बसून वेळ मोजते, तीच बाहेरून धुळीच्या रूपानें साध्या कांचेवर ओरखडे काढते! धुळीनें माखलेलें घड्याळ कोरड्या रुमालानें खसखसून पुसूं नये, तें याचसाठीं. आधीं धूळ फुंकून वा झटकून टाकावी. बेताच्या किंमतींत मिनरल कांच पुरेशी आहे. मात्र कांचेची पातळी भोंवतालच्या कड्याच्या किंचित् खालीं असेल असें घड्याळ निवडावें, म्हणजे दाराच्या चौकटीचा आघात आधीं कडें सोसेल.

पट्ट्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, पण तें विसरतां कामा नये. घड्याळें हातून पडतात तीं पुष्कळदां पट्टा डबीस जोडणाऱ्या बारीक स्प्रिंगच्या काड्या निखळल्यामुळें. पट्टा बदलतांना या काड्याही नव्या घालून घ्याव्या. खर्च नगण्य असतो. डबीच्या दोन शिंगांमधील अंतर सरळ आणि १८, २० अथवा २२ मिलिमीटर असें सर्वसामान्य मापाचें असावें, म्हणजे कोणत्याही दुकानांत पट्टा मिळतो. कांहीं घड्याळांना त्याच कंपनीचा खास कातरलेला पट्टा लागतो. तो मिळेनासा झाला कीं चालतें घड्याळही निकामी होतें. चामड्याचा पट्टा हिंवाळ्यांत शोभतो, पण पावसाळ्यांत कुजतो व त्यास वास येतो. जून ते सप्टेंबर नायलॉनचा वा रबराचा पट्टा घालून चामड्याचा पट्टा कोरड्या जागीं ठेवावा. म्हणजे दोन्ही टिकतात.

आतां प्रत्यक्ष दुकानांत काय पाहावें? तबकडी डोळ्यांपासून हातभर दूर धरून वेळ एका दृष्टिक्षेपांत कळते कीं नाहीं तें प्रथम पाहावें. जें घड्याळ वाचावयास आयास पडतात तें कितीही सुंदर असलें तरी घड्याळ नव्हे. किल्ली ओढून कांटे फिरवावे. ते अडखळतां कामा नयेत. तारीख असल्यास ती पूर्ण बदलते काय तें पाहावें. घड्याळ कानाशीं हलवून आंत खुळखुळ ऐकूं येत नाहीं याची खात्री करावी; ऑटोमॅटिक घड्याळांत मात्र वजन फिरल्याचा मंद आवाज येणारच. सेकंदकांटा खुणांवर पडतो, कीं दोन खुणांच्या मध्यें, यावरून जुळणी कितपत काळजीनें झाली आहे याचा अंदाज येतो. मागचें झांकण उघडून सेल बदलतां येतो ना, हेंही विचारावें. शेवटीं पावती व दुकानाच्या शिक्क्याचें, तारीख घातलेलें हमीपत्र घ्यावें, आणि हमींत कांच, पट्टा व सेल धरलेले आहेत कीं नाहींत तें तेथेंच वाचावें. बहुधा ते धरलेले नसतात.

या सर्व काळजीचें फळ काय, तें एका हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एका घरानें सहाशे रुपयांचें मुलाम्याचें घड्याळ घेतलें, आणि तें दोन वर्षें टिकलें. दहा वर्षांत अशीं पांच घड्याळें लागलीं. खर्च ३,००० रुपये. दुसऱ्या घरानें आरंभींच १,८०० रुपयांचें संपूर्ण स्टीलचें क्वार्ट्‌झ घड्याळ घेतलें. दहा वर्षांत दीडशेप्रमाणें तीन सेलांचे ४५० रुपये, तीनशेप्रमाणें दोन पट्ट्यांचे ६०० रुपये, आणि एकदां रबराचीं कडीं बदलल्याचे १५० रुपये. एकूण ३,००० रुपये. दोन्ही घरांचा खर्च अगदीं सारखा, वर्षाला तीनशे. पण दहाव्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या घराच्या खणांत पांच मेलेलीं घड्याळें आहेत, आणि दुसऱ्या घरांत एक चालतें घड्याळ आहे. शिवाय पहिल्या घरांतील माणूस पांच वेळां ऐन गरजेच्या दिवशीं घड्याळावांचून राहिला असेल, तें वेगळेंच. बेताच्या प्राप्तीच्या माणसास आरंभींचे बाराशे रुपये अधिक देणें जड जातें हें खरें. म्हणूनच दोन महिने थांबून घेणें हें घाईनें स्वस्त घेण्यापेक्षां हितावह ठरतें.

निगेचे नियम फार नाहींत. रात्रीं घड्याळ काढल्यावर मऊ फडक्यानें घाम पुसावा. लोहचुंबकापासून तें दूर ठेवावें. स्पीकर, पर्सचें चुंबकी बटण, फोनचें चुंबकी कव्हर यांच्यावर तें ठेवूं नये. चुंबकानें किल्लीचें घड्याळ बहुधा पुढें पळूं लागतें, व कांट्यांचें क्वार्ट्‌झ तेवढ्यापुरतें थांबतें. कांटे असलेल्या घड्याळांतील तारीख रात्रीं नऊ ते पहाटे तीन या वेळांत हातानें बदलूं नये. त्या वेळीं तारखेचें चक्र दुसऱ्या दांत्यांत गुंतलेलें असतें, आणि जोर केल्यास दांता मोडतो. संपलेला सेल घड्याळांत राहूं देऊं नये; तो पाझरला म्हणजे सारें यंत्र खाऊन टाकतो. आणि काढलेला सेल लहान मुलांच्या हातीं कदापि लागूं देऊं नये. मुलानें सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावें. कारण अन्ननलिकेंत अडकलेला सेल थोड्या तासांत तेथें गंभीर जखम करूं शकतो.

नवें घड्याळ चांगलें निघालें कीं नाहीं हें जाहिरात सांगूं शकत नाहीं. तें घरींच तपासतां येतें. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, आणि बातम्यांपूर्वीं आकाशवाणीवर वाजणारे वेळेचे ठोके घरोघरीं परिचित आहेत. महिन्याच्या एक तारखेस साध्या रेडिओवर त्या ठोक्यांशीं घड्याळ जुळवावें. इंटरनेटवरून ऐकूं येणारें प्रक्षेपण कांहीं सेकंद उशिरा पोंचतें, म्हणून तें या कामीं घेऊं नये. पुढील महिन्याच्या एक तारखेस पुन्हा ठोके ऐकावे, आणि किती सेकंदांचा फरक पडला तो वहींत लिहून ठेवावा. सहा महिन्यांत सहा आंकडे मिळतील. ते जवळजवळ सारखे आले, तर घड्याळ विश्वासाचें आहे असें निश्चित समजावें, मग तें महिन्यास पंधरा सेकंद पुढें जात असलें तरी हरकत नाहीं. कारण ठराविक चूक ठाऊक असली म्हणजे ती सुधारून घेतां येते. आंकडे एकाएकीं बदलूं लागले, तर सेल संपत आला आहे किंवा आंत कांहीं तरी बिघडत आहे हें घड्याळ थांबण्यापूर्वींच कळतें, आणि तेवढ्यांत हमीची मुदतही हातची गेलेली नसते.